दिव्यावरचा तो गोल ‘ई’ कोणाचा?

मागच्या अंकात गाडीच्या दिव्यावर गोलात कोरलेल्या ‘ई’ या अक्षराचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की पुण्याजवळच्या एका वाहन-दिव्यांच्या कारखान्यात मी २९ वर्षं होमोलोगेशनचं काम केलं. म्हणजे आपला माल ज्या देशात जायचा, त्या देशाच्या सुरक्षा-मान्यता मिळवायच्या आणि मग त्या टिकवायच्या. मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड असतं.

प्रश्न : आम्ही ट्रेलरचे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर बनवतो. भारतातलं मान्यता प्रमाणपत्र आमच्याकडे आहे. पोलंडची एक पार्टी म्हणते, ई-मार्क नसेल तर माल नको. चाचणीचे मुद्दे जवळजवळ तेच आहेत, आमची प्रयोगशाळाही नावाजलेली. मग आमचा कागद का चालत नाही? त्याच चाचणीचे पैसे दोनदा का भरायचे?
(एक उद्योजक, शिरोली एमआयडीसी)

तुमचा राग मला समजतो, कारण हाच राग मी दर वर्षी आमच्या अकाउंट्सवाल्यांच्या तोंडून ऐकला आहे.

आधी त्या गोल ‘ई’चं मूळ बघू. २० मार्च १९५८ रोजी जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या छत्राखाली एक करार झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: एका सभासद देशाच्या अधिकृत यंत्रणेने एखाद्या भागाला मान्यता दिली, की तो नियम लागू करणाऱ्या बाकी सगळ्या सभासद देशांनी ती पुन्हा चाचणी न घेता मानायची. गोलात ‘ई’ आणि त्याला लागून एक आकडा. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. १५ हा आकडा पूर्व जर्मनीचा होता; तो देश गेला आणि आकडा रिकामाच राहिला. एखाद्या जुन्या दिव्यावर १५ दिसला की मी थोडा वेळ तो हातात धरून बसायची.

लक्षात घ्या, हा आकडा माल कुठे बनला ते सांगत नाही. चाकणला बनलेल्या दिव्यावर ४ असू शकतो आणि तो खरा असू शकतो. पोलंडचा ग्राहक तो ४ बघून निर्धास्त होतो, कारण त्या आकड्यामागे नेदरलँड्सचं सरकार उभं असतं. उद्या तुमच्या रिफ्लेक्टरचा एखादा लॉट कमी चमकणारा निघाला, तर पोलंड तुमच्याकडे येणार नाही, नेदरलँड्सला लिहील: तुम्ही मान्यता दिलीत, आता तुम्ही बघा. आणि नेदरलँड्स तुमच्या दारात येईल. चाचणी एकदाच होते, पण ही जबाबदारी रोजची असते. तिचं नाव सीओपी, म्हणजे मान्य झालेल्या नमुन्यासारखाच माल रोज निघतोय याची खात्री. तुमच्या भारतीय कागदामागे असं उत्तर द्यायला बांधलेलं कोणी पोलंडच्या ओळखीचं नाही. चाचणी सारखीच असूनही कागद अडतो तो इथे.

भारत या १९५८ च्या करारात नाही. २००६ साली आपण सामील झालो तो १९९८ चा, दुसरा करार. दोन्हींत लोक नेहमी गल्लत करतात. १९९८ च्या करारात सगळे मिळून पाककृती लिहितात, पण एकमेकांच्या घरचं जेवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. नियम सारखे होतात, मान्यता परस्पर चालत नाही. म्हणून पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था तुमची चाचणी कितीही चोख करो, ‘ई’चा आकडा ती देऊ शकत नाही. द्यायला आपल्याकडे आकडाच नाही.

वाट मात्र आहे. करारातल्या एखाद्या देशाची मान्यता-यंत्रणा निवडायची, तिने नेमलेल्या तांत्रिक संस्थेकडे अर्ज करायचा. चाचणीसाठी नमुने युरोपात पाठवावेच लागतात असं नाही. ती संस्था आपला माणूस इथे पाठवून इथल्याच प्रयोगशाळेत त्याच्या डोळ्यांदेखत चाचणी करून घेऊ शकते. अर्ज करताना नियमांचे नवे क्रमांक बघा. रिफ्लेक्टरसाठी जुना ३ क्रमांकाचा नियम आता नव्या मान्यतेला चालत नाही, त्याजागी १५० आहे. मागच्या दिव्यांसाठी १४८. तुमच्या पत्रासोबतच्या ड्रॉइंगवर अजून जुनेच क्रमांक दिसतात.

तो डोळ्यांदेखत बघणारा माणूस काय बघतो, ते सांगते. आमच्याकडे असाच एक इंजिनिअर आला होता. काळी रंगवलेली लांबलचक खोली, पंचवीस मीटरवर पडदा, एका टोकाला फिरत्या मेजावर दिवा. आम्ही आठवडाभर तयारी केलेली, दिवा उत्तम होता, मला आकडे पाठ होते. त्याने दिव्याकडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, ज्या प्रमाण बल्बने तुम्ही यंत्र जुळवता त्याचं कॅलिब्रेशन दाखवा. मी फाइल उघडली. मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. चूक माझी होती, कारण ती तारीख बघणं माझंच काम होतं. त्याने वही मिटली, शांतपणे सांगितलं की आज चाचणी होणार नाही, आणि परतीचं तिकीट बदलून घेतलं. दिवा तोच, मोजमापही बहुधा तेच आलं असतं. पण त्या नऊ दिवसांचं उत्तर त्याच्या देशाला द्यावं लागलं असतं. त्या दिवशी मला समजलं की दुसऱ्या देशाची मान्यता मानणं म्हणजे तिथल्या फायली ठेवणाऱ्या माणसावर विसंबणं.

आता माझं मत. भारताने १९५८ च्या करारावर सही करावी असं मला मनापासून वाटतं. सगळे नियम एकदम घ्यावे लागत नाहीत. कोणते नियम लागू करायचे ते प्रत्येक सभासद निवडतो. दिवे, आरसे, काचा, सीटबेल्ट एवढ्यापासून सुरुवात करता येईल. मलेशिया आणि थायलंड २००६ मध्येच आत गेले. ५२ आणि ५३ हे त्यांचे आकडे. विरोधातला मुद्दाही पोकळ नाही. सही केली की बाहेरच्यांची मान्यता आपल्यालाही मानावी लागेल, आणि आपल्या रस्त्यावर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, पायी वारी सगळं एकत्र चालतं. तिकडचा नियम लिहिणाऱ्याने ते पाहिलेलं नसतं. पण त्याची दुरुस्ती नियम लिहिण्याच्या टेबलाशी बसूनच होईल. आज त्या दुहेरी खर्चाचा भार मोठ्या कंपन्या सहज पेलतात. तो बसतो शिरोलीच्या, भोसरीच्या, साताऱ्याच्या वीस-पंचवीस माणसांच्या शॉपवर.

प्रश्न : दुबईहून भावाने इटालियन हेल्मेट आणलं. आतल्या पट्ट्यावर गोल ‘ई ३’ आहे. दुकानदार म्हणतो आयएसआयपेक्षा भारी. पोलिसांनी अडवलं तर चालेल ना?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

हेल्मेट चांगलं असेल. हनुवटीच्या पट्ट्यावरचं लेबल पुन्हा बघा: मान्यता-क्रमांकाच्या शेवटी ‘पी’ असेल तर तोंडापुढचा भागही संरक्षण देणारा म्हणून तपासलेला आहे, ‘जे’ असेल तर तो भाग नाहीच, आणि ‘एनपी’ असेल तर पुढचा भाग दिसायला आहे, संरक्षणाला नाही. हे वाचायला दुकानदार सहसा शिकवत नाहीत.

कायद्याचं उत्तर वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या मानकाप्रमाणे असलेलं हेल्मेट मागतं, आणि १ जून २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तुमचा ‘ई ३’ इथे कायद्याने मोजला जात नाही. ‘भारी’ आणि ‘मान्य’ हे दोन वेगळे शब्द आहेत. रोजच्या वापराला चांगलं आयएसआय हेल्मेट घ्या, आणि कोणतंही घेतलंत तरी पट्टा नीट आवळा.

प्रश्न : माझ्या जुन्या जर्मन गाडीचा एक हेडलॅम्प फुटला. नातेवाइकाने जर्मनीहून अस्सल मागवून दिला, त्यावर ‘ई १’ आहे. बसवल्यापासून समोरचे सगळे डिपर मारतात. दिवा खोटा आहे का?
(निवृत्त बँक अधिकारी, नागपूर)

दिवा शंभर टक्के खरा असू शकतो. तरी तो आपल्या रस्त्याचा नाही.

गाडी बंद करा, दिव्यासमोर उभे राहा आणि काचेवरच्या गोल ‘ई’जवळ बारीक बाण आहे का ते मोबाईलच्या उजेडात शोधा. बाणच नसेल, तर तो दिवा रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी आहे. तुमच्या उजव्या हाताकडे टोक असलेला बाण असेल, तर डाव्या बाजूने चालणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी आणि ब्रिटनसाठी. दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हींसाठी.

कारण असं, की डिमरचा उजेड सरळ रेषेत कापलेला नसतो. रस्त्याच्या कडेकडची बाजू वर उचललेली असते, म्हणजे कडेचा माणूस, पाटी, म्हैस लांबून दिसावी. जर्मनीत कड उजवीकडे, इथे डावीकडे. तुमचा जर्मन दिवा तो उचललेला उजेड थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत नेऊन टाकतो. आमच्या पडद्यावर एक खास बिंदू असायचा, पन्नास मीटरवरून समोर येणाऱ्या चालकाचा डोळा जिथे असेल तिथला. तिथे उजेड मर्यादेपेक्षा जरा वाढला तरी दिवा नापास. तुमच्या दिव्यासाठी तो बिंदू आरशात पाहिल्यासारखा उलट्या बाजूला होता.

काही दिव्यांत आत एक छोटी कळ असते, बाजू बदलायची. गाडीच्या पुस्तिकेत बघा. नसेल तर दिवा बदला, कृपा करून पुढे ढकलू नका. रात्री वर्धा रोडला समोरून दुचाकीवर येणाऱ्याला दोन सेकंद काहीच दिसत नाही, आणि त्या दोन सेकंदांत तो कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं.

याच नागपूरकरांनी पुढे विचारलंय की ऑनलाइन मिळणाऱ्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ‘सीई’ आणि ‘डॉट’ दोन्ही छापलेलं असतं, ते घ्यावेत का. ‘सीई’ ही बहुतेक वस्तूंवर उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते आणि तिचा बल्बच्या झोताशी संबंध नाही. ‘डॉट’ म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याची मान्यता असं लोक समजतात. ते खातं कोणत्याही दिव्याला मान्यता देतच नाही, तीसुद्धा उत्पादकाचीच घोषणा. हॅलोजनसाठी बनलेल्या दिव्यात एलईडी घातला की उजेडाचा उगम वेगळ्या जागी येतो आणि झोत विस्कटतो. घेऊ नका.

प्रश्न : युरोपला जाणाऱ्या मसाल्याच्या पाकिटावर वजनाशेजारी छोटा ‘ई’ असतो. तीही सुरक्षा-मान्यताच का?
(गृहिणी, सांगली)

नाही. तो वजनाचा ‘ई’. पाकिटं भरताना सरासरी वजन छापल्याइतकं राखलं आहे, एवढंच तो सांगतो. मसाल्याच्या शुद्धतेबद्दल तो काही बोलत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून लंडनला बदली होऊन चाललो आहोत. मुलगी तीन वर्षांची. इथे घेतलेली महागडी कारसीट अगदी नवी आहे, अमेरिकेच्या सगळ्या चाचण्या पास. ती तिकडे वापरता येईल का?
(एक आई, एडिसन)

ताई, ती कोणा अमेरिकेत राहणाऱ्या मैत्रिणीला देऊन टाका. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, सीट लागते. आणि तिच्यावर गोल ‘ई’ आणि ४४ किंवा १२९ या नियमाचं लेबल असावं लागतं. अमेरिकन सीटवर ते नसतं. उलट प्रवासही असाच: लंडनची सीट अमेरिकेत चालत नाही.

तुम्हाला वाटेल, एकच मूल, एकच सीट, समुद्र ओलांडल्यावर ती असुरक्षित कशी झाली? तुमच्या सीटवरची छातीपाशी लागणारी प्लास्टिकची क्लिप बघा. पट्टे खांद्यावरून घसरू नयेत म्हणून अमेरिकेत ती सर्रास असते. युरोपच्या नियमाचा आग्रह आहे की अपघातानंतर मुलाला बाहेर काढताना एकाच बकलची एकच कळ दाबून ते मोकळं झालं पाहिजे. जवळून जाणाऱ्या कोणालाही, ज्याने अशी सीट कधी पाहिली नाही त्यालाही. क्लिप म्हणजे दुसरी कृती. दोन्ही विचार मुलाच्याच काळजीतून आलेले आहेत. शिवाय अमेरिकन सीट पट्ट्याने बांधताना गाडीच्या सीटबेल्टनेच कुलुपासारखं घट्ट धरून ठेवावं, असं तिच्या पुस्तिकेत गृहीत धरलेलं असतं. युरोपच्या गाड्यांतला बेल्ट बहुधा तसा अडकत नाही. तेव्हा हा फक्त लेबलचा प्रश्न नाही, सीट आणि गाडी यांची जोडीच जमत नाही. लंडनला उतरल्या उतरल्या, विमानतळावरून घरी जायच्या टॅक्सीच्या आधी, नव्या सीटची सोय करून ठेवा.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेला शिकवतो. देश एकमेकांच्या मान्यता मानत नाहीत यामागे खरी सुरक्षितता असते की बाहेरचा माल अडवण्याची युक्ती?
(प्राध्यापक, अहिल्यानगर)

सर, दोन्ही असतं, आणि बरेचदा एकाच नियमात.

अमेरिकेने १९४० पासून गाड्यांना ठरावीक मापाचे सीलबंद हेडलॅम्प सक्तीचे केले. तेव्हा ते चांगलंच पाऊल होतं, कारण आधीचे दिवे धूळ-पाणी शिरून अंधारे व्हायचे. पण युरोपात दिवे पुढे गेले तरी तो नियम तसाच राहिला, आणि वेगळा बदलता बल्ब असलेले दिवे अमेरिकेने मान्य केले ते १९८३ मध्ये. तोवर युरोपची प्रत्येक गाडी अमेरिकेला जाताना दिवे बदलून जायची. सुरक्षिततेसाठी केलेला नियम नुसता जुना होऊनही कुंपण बनतो, कोणी दुष्टपणा करावा लागत नाही. समोरची गाडी ओळखून तेवढाच उजेड कापणारे दिवे युरोपात कितीतरी वर्षं फिरत होते. अमेरिकेची परवानगी फेब्रुवारी २०२२ मध्ये आली.

दुसरी अडचण अशी की दोघांची पद्धतच वेगळी. युरोपात परीक्षा आधी, मग विक्री. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून उत्पादक स्वतःच म्हणतो, माझी गाडी नियमात बसते. सरकार नंतर बाजारातून उचलून तपासतं आणि चुकलं तर गाड्या परत बोलावायला लावतं. म्हणजे युरोपने अमेरिकेची मान्यता मानायची म्हटलं तर मानायला सरकारी प्रमाणपत्रच हातात येत नाही. १९९८ मध्ये दोघांत परस्पर-मान्यतेचा करार झाला (वर आलेल्या १९९८ च्या करारापेक्षा हा वेगळा). गाड्या त्यात नव्हत्या. त्यातला दूरसंचार उपकरणांचा भाग चालला, पण विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेचा भाग प्रत्यक्षात चाललाच नाही.

मग मोजून मापून विश्वास ठेवायची तऱ्हा येते, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना हीच दाखवा. दक्षिण कोरियाने अमेरिकेशी केलेल्या २०१२ च्या व्यापार करारात, एका कंपनीच्या वर्षाला २५,००० गाड्यांपर्यंत अमेरिकन नियम पुरेसे मानले. २०१८ मध्ये ही मर्यादा ५०,००० केली. एक गाडी सुरक्षित असेल तर पन्नास हजार एकावी असुरक्षित कशी, याचं उत्तर सुरक्षेच्या शास्त्रात नाही, ते सौद्यात आहे. आपणही २०१८ मध्ये असंच केलं: बाहेरच्या मानकांना उतरलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या मोटारी, एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत, भारतीय होमोलोगेशनशिवाय आणायला मुभा दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघाने संयुक्त निवेदनात एकमेकांची वाहन-मानकं मान्य करण्याचा इरादा जाहीर केला. आयात शुल्काच्या वाटाघाटीत तो आला, एवढंच नोंदवते.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारात, सहाव्या कलमात, दुसऱ्या देशाच्या तपासणीचे निकाल मानावेत असं आहेच. पण त्याला ‘शक्य असेल तेव्हा’ अशी पुस्ती जोडलेली आहे. सगळे वाद त्या तीन शब्दांत राहतात.

आणि आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर आंबा घ्या. तो कीड-रोगाच्या नियमात येतो, वस्तूंच्या नाही, पण प्रश्न तोच: कोणाच्या नजरेवर विश्वास? २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर इथे विकिरण प्रक्रिया होते, आणि ती बघायला अमेरिकेचा निरीक्षक इथे यायचा. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तो येऊ शकला नाही. आंबा तोच, प्रक्रिया तीच, यंत्रं जागेवर. दोन हंगाम निर्यात थांबली. मग देखरेखीची जबाबदारी भारताकडे देण्याचं ठरलं आणि २०२२ मध्ये पेट्या पुन्हा निघाल्या. आपल्या माणसाची नजर मान्य न होण्याची किंमत कोकणातल्या बागायतदाराला विचारा, तो अचूक सांगेल.

प्रश्न : मी नवऱ्याच्या पश्चात छोटं मोल्डिंग युनिट चालवते. एका एजंटने ट्रेलर-रिफ्लेक्टरचं सॅम्पल दिलं, म्हणाला हुबेहूब असंच हवं, मागचा ‘ई ११’ आणि त्याखालचा नंबरसुद्धा. डाय (साचा) बनायला टाकला आहे. काही अडचण येईल का?
(उद्योजिका, भोसरी)

हे पत्र वाचून मी जेवण अर्धं सोडून उत्तर लिहायला बसले. टपालाने वेगळंही कळवलं आहे, पण इथे छापते, कारण तुम्ही एकट्या नाही.

तो नंबर सजावटीचा भाग नाही. ब्रिटनच्या यंत्रणेने दुसऱ्या कोणाच्या तरी मालाला दिलेली ती मान्यता आहे. तुमच्या मालावर तो कोरणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं. एजंटला कदाचित हे ठाऊक नसेल, कदाचित असेल. कागदावर नाव मात्र तुमचं असणार.

आमच्या एका पुरवठादाराच्या बाबतीत हेच घडलं होतं. सज्जन माणूस, हात सोन्याचे. सॅम्पल दिलं तर त्यावरचा ओरखडासुद्धा उतरवेल. त्याने ‘ई ४’ही उतरवला, इतका सुंदर की मूळ फिका पडावा. माल बंदरात पोहोचल्यावर ग्राहकाने नंबर तपासला, तर मान्यता भलत्याच कंपनीची. सगळा माल परत आला, भाडं दोन्हीकडचं त्याच्या माथी. मी त्याच्या शॉपवर गेले तेव्हा तो डायवर वाकून, वेल्ड भरून, तो ‘ई’ घासून काढत होता. मान वर न करता म्हणाला, “मॅडम, मला वाटलं ते डिझाइन आहे.” त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कारखान्यानेही नाही, आणि मीही नाही. या सदरात मी हे वारंवार लिहिते ते त्या दुपारमुळे.

एजंटला लेखी विचारा: हा नंबर कोणाच्या नावावर आहे, आणि त्या मान्यताधारकाने तुमच्या युनिटला त्याच्यासाठी बनवायला सांगितलं आहे का. तसं असेल तर मान्यतेच्या कागदांत तुमच्या कारखान्याचं नाव चढवावं लागेल, आणि सीओपीच्या नोंदी तुम्हाला रोज ठेवाव्या लागतील. तसं नसेल तर रिफ्लेक्टर तुमच्या स्वतःच्या मान्यतेने काढा. शिरोलीकरांना वर दिलेली वाट तुम्हालाही तीच. आधी मान्यता, मग मालावर नंबर.

डायला अजून पॉलिश झालेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. मग उशीर झालेला नाही. डायमेकरला आजच फोन करा आणि सांगा की ‘ई’ कोरू नका, त्या जागी सुट्या इन्सर्टची, म्हणजे नंतर बसवायच्या तुकड्याची, खाच ठेवा. मान्यता आली की तुमच्या नंबरचा इन्सर्ट तिथे बसेल. तोवर ती जागा कोरी राहू द्या.